यंत्रकार हेन्री रॉइस

तोरणमाळचा घाट चढताना चालक खालचा गिअर टाकतो व गाडी संथपणे वर जाते, हे आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ विद्यार्थ्यांनी पाहिले असेल. युरोपातील अशाच एका घाटात एका अत्यंत नामांकित इंग्रजी मोटारीचा गर्व उतरला होता. ती मोटार निर्माण करणाऱ्या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने देत आहोत.

हेन्री रॉइस ह्यांचा जन्म इंग्लंडातील आल्वॉल्टन गावी २७ मार्च १८६३ रोजी झाला. वडील पिठाची गिरणी चालवीत. परंतु धंदा बुडाला, आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना त्यांचे निधन झाले. शाळा फारशी लाभलीच नाही. लंडनच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकून व तारा पोहोचवून हा मुलगा पोट भरू लागला. पुढे एका नातलग स्त्रीने वर्षाला २० पौंड भरून त्यास आगगाडीच्या कारखान्यात उमेदवार म्हणून ठेविले. पण तिचाही पैसा सरला, आणि शिक्षण अर्ध्यावर राहिले. तथापि त्याने अभ्यास सोडला नाही.

१८८४ साली रॉइस ह्यांनी एका मित्राच्या भागीदारीत मँचेस्टर येथे विजेच्या सामानाचा लहानसा कारखाना काढिला. पुढे त्यांनी एक जुनी फ्रेंच मोटार विकत घेतली. तिचे दोष पाहून ते स्वस्थ बसेनात. म्हणून त्यांनी स्वतःच गाडी बनविली. १ एप्रिल १९०४ रोजी ती प्रथम रस्त्यावर आली. त्याच वर्षी चार्ल्स रोल्स ह्या धनिक तरुणाशी त्यांची गाठ पडली, व दोघांच्या नावांनी प्रसिद्ध झालेली कंपनी १९०६ साली स्थापन झाली.

१९०७ साली त्यांच्या 'सिल्व्हर घोस्ट' गाडीने सुमारे १५,००० मैलांची परीक्षा दिली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर परीक्षेत ह्याच जातीच्या गाडीने सह्याद्रीचे घाट पार केले. यंत्राचा आवाज अगदी अल्प, चाल गुळगुळीत, आणि दूरच्या प्रवासातही थकवा नाही, असा तिचा लौकिक झाला.

परंतु गुणांबरोबर दोषही सांगितले पाहिजेत. कंपनी केवळ सांगाडा विकी. वरची बॉडी ग्राहकाने निराळे पैसे देऊन बांधून घ्यावी लागे. गाडी अवजड, पेट्रोल फार खाणारी, आणि राजेरजवाडे व धनिक ह्यांनाच परवडणारी. उपाशी दिवस काढलेल्या मुलाच्या हातून गरिबाला कधीही न मिळणारी वस्तू निर्माण व्हावी, ह्याचे आम्हांस नवल वाटते. १९१२ साली आल्प्स पर्वतातील परीक्षेत तिला तीनच गिअर असल्यामुळे एका चढावर ती अडली. कारखान्याने सबबी सांगितल्या नाहीत. चार गिअर बसवून १९१३ साली गाड्या पुन्हा त्याच पर्वतात गेल्या आणि यशस्वी झाल्या.

रॉइस ह्यांचा मोठा दोष मात्र यंत्रात नव्हता. प्रत्येक खिळ्याची काळजी घेणारा हा पुरुष स्वतःचे जेवण व झोप विसरे. १९११ च्या सुमारास ते मरणाच्या दारी पोहोचले, व पुढील बावीस वर्षे बहुधा कारखान्यापासून दूर राहून, पथ्य सांभाळीत, आराखडे पाठवीत त्यांनी काढिली. ह्याच काळात त्यांचे लक्ष विमानांच्या यंत्रांकडेही गेले. १९१९ साली अटलांटिक महासागर न थांबता प्रथम ओलांडणाऱ्या विमानास त्यांच्याच कंपनीची यंत्रे होती. १९३० साली दूरच्या जलद प्रवासासाठी 'फँटम-दोन कॉन्टिनेंटल' गाडी निघाली, आणि त्याच वर्षी त्यांस बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ एप्रिल १९३३ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रांनो, शाळेचे दार ज्यास लवकर बंद झाले, त्याने सर्व जगाला काम चोख करण्याचा धडा दिला. आपला दोष दिसताच तो कबूल करून सुधारावा, हे त्यांच्या कारखान्यापासून आपण घ्यावे. मात्र देवाने दिलेले शरीर ही मनुष्यकृत कोणत्याही यंत्राहून मोलाची ठेव आहे, हे त्यांस फार उशिरा उमगले. तुम्हांस ते आजच उमगावे, अशी आमची प्रार्थना आहे.