नाना शंकरशेट आणि लोखंडी रस्ता

बदनापूर स्टेशनावर मनमाडाकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत आम्ही बसलो असता, सोबतच्या एका उपदेशक बंधूंनी सहज विचारले की, ही आगगाडी ह्या देशात प्रथम आणली कोणी? दुसऱ्या बंधूंनी लागलीच उत्तर दिले की, इंग्रजांनी. उत्तर खोटे नव्हे. पण ते अर्धे आहे. उरलेले अर्धे ज्या गृहस्थाच्या चरित्रात सापडते, त्या जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट ह्यांची थोडी माहिती आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांस असावी, म्हणून हा लेख लिहीत आहोत. नाना आपल्या धर्माचे निष्ठावंत हिंदू होते व अखेरपर्यंत तसेच राहिले. तेव्हा त्यांचे चरित्र ह्या पत्रात कशास, असे ज्या कोणास वाटेल त्याने पुढल्या खेपेस तिकीट काढताना त्यांची आठवण करावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

नानांचा जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे १० फेब्रुवारी १८०३ रोजी दैवज्ञ सोनाराच्या घराण्यात झाला. आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट मुंबईचे मोठे सावकार होते. ते १८२२ साली वारले, तेव्हा एवढ्या मोठ्या इस्टेटीचा व व्यापाराचा भार एकोणीस वर्षांच्या नानांवर पडला. त्या वयात पैसा हाती आलेल्या किती मुलांची धूळधाण झालेली आपण पाहतो! नानांनी मात्र पेढी राखिली आणि तिच्यासोबत लोकांचा विश्वासही राखिला. अरब व अफगाण व्यापारी आपली ठेव अन्यत्र न ठेवता त्यांच्या हवाली करीत.

विद्येच्या कामी त्यांनी जे केले त्याचा एक स्वतंत्र लेख होईल. येथे इतकेच सांगतो की, १८४९ साली मुंबईत विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींसाठी शाळा काढिल्या, तेव्हा शहरातील प्रतिष्ठित मंडळी नाके मुरडीत असताही नानांनी आपल्या स्वतःच्या आवारात एका शाळेस जागा दिली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन ही रयतेची गाऱ्हाणी विलायतेपर्यंत पोहोचविणारी सभा निघाली, तिचेही ते पुढारी होते.

आता मुख्य विषयाकडे येऊ. त्या काळी देशावरचा माल मुंबईस कसा जाई, हे आजच्या तरुणांस सांगूनही खरे वाटणार नाही. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून महिनोगणती चालत. कापूस वाटेत धुळीने मळे, पावसाने भिजे, आणि बैल मेला तर गोणी तेथेच पडे. घाटाच्या पायथ्याशी येईतो मालाची किंमत निम्मी होई. अशात १८४६ साली अमेरिकेत कापसाचे पीक बुडाले, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचे डोळे हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. वऱ्हाड व खानदेशाचा कापूस बंदरापर्यंत आणावयाचा, तर बैल पुरे पडणार नव्हते.

ह्याच सुमारास, १८४५ साली, नानांनी सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्यासह रेल्वेसाठी मंडळी उभी केली. पुढे ती ग्रेट इंडियन पेनिनसुला रेल्वे कंपनीत सामील झाली आणि दहा डायरेक्टरांत नाना व जमशेटजी हे दोघेच एतद्देशीय होते. १८४९ साली पार्लमेंटने कंपनीस मान्यता दिली. सरकारने भांडवलावर शेकडा पाच व्याजाची हमी घेतली, म्हणजे गाडीस नफा होवो न होवो, भागीदारांस व्याज मिळावयाचेच, आणि तूट पडेल ती ह्या देशाच्या वसुलातून भरून निघावयाची. आमच्या मते हा सौदा रयतेस महाग पडला. ह्या बाबतीत नानांसही थोडा दोष लागतो की काय, हे आम्ही वाचकांवर सोपवितो. सौद्याच्या अटी विलायतेत ठरल्या होत्या, हे मात्र ध्यानात ठेवावे.

१६ एप्रिल १८५३, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी सुटली. चौदा डबे, तीन इंजिने आणि सुमारे चारशे निमंत्रित लोक. एकवीस तोफा झाल्या. दुतर्फा माणसांची एवढी दाटी होती की, त्या दिवशी मुंबईत कोणी घरी राहिले असेल असे वाटत नाही. गव्हर्नर साहेब मात्र आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते! नाना त्या गाडीत बसले होते. एकवीस मैलांची वाट तास-सव्वा तासात सरली. आज बदनापुराहून जालन्यास बसल्या बसल्या पोहोचणाऱ्यास ह्यात नवल वाटणार नाही; पण ज्या पिढीने बैलाच्या पावलाहून वेगळा वेग जाणला नव्हता, तिला ते किती विलक्षण वाटले असेल!

आणखीही एक नवल होते, व ते आम्हांस अधिक मोलाचे वाटते. पुष्कळ लोकांची अटकळ होती की, सोवळेओवळे मानणारे लोक गाडीत पाऊल ठेवणार नाहीत. झाले उलटेच. तिसऱ्या वर्गाचे तिकीट स्वस्त, म्हणून सर्व जातींचे लोक त्याच बाकावर मांडीला मांडी लावून बसू लागले. जेथे विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्या गावचा मनुष्य त्याच गावच्या पाटलाशेजारी बसून यात्रेस जाऊ लागला. गाडीतून उतरल्यावर काय होई ते सांगावयास नको, पण डब्यात तिकीटच जात होते. नानांनी हे योजिले होते असे आम्ही म्हणत नाही. ते व्यापारी होते व त्यांची नजर मालावर होती.

रूळ १८५४ साली कल्याणास पोहोचले, पण पुढे सह्याद्री आडवा होता. पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत गाडी १८५८ साली सुरू झाली. मधला घाट मात्र उतारू पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून चढत-उतरत. बोरघाटातील सुमारे सोळा मैलांच्या वाटेस सात वर्षे लागली. पंचवीस बोगदे व आठ मोठे पूल बांधून गाडी अठराशे फुटांहून अधिक वर चढविली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम घेतल्यावर थोडक्याच दिवसांत मरण पावला, तेव्हा त्याची विधवा ॲलिस हिने ठेका आपल्या नावे चालवून काम तडीस नेले. एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तेथे राबत होते. पटकीने व कड्यावरून पडून त्यांतील हजारो मेले. त्यांत गावकुसाबाहेरची माणसे पुष्कळ होती. आमच्यापैकी कित्येकांच्या पणज्यांचे सोयरे त्यांत असतील. डायरेक्टरांची नावे आम्ही वर लिहिली; ह्यांची लिहावयास कोठे शोधावी?

नाना ह्या काळात एका मोठ्या संकटातून गेले. १८५७ च्या बंडात त्यांचाही हात असावा असा सरकारास संशय आला. ज्या सरकारास त्यांनी लोखंडी रस्ता आणण्यास साहाय्य केले, त्याच सरकारचे पोलीस त्यांच्यावर पाळत ठेवू लागले. पुरावा काहीच मिळाला नाही व १८६२ साली त्यांस मुंबईच्या कायदेकौन्सिलात सभासद नेमिले.

इतक्यात समुद्रापलीकडे अमेरिकेत यादवी पेटली होती. एप्रिल १८६१ मध्ये सुरू झालेल्या ह्या युद्धाचे मूळ गुलामगिरीत होते. दक्षिणेकडील संस्थानांत सुमारे चाळीस लक्ष काळे लोक गुलाम होते, व जगास पुरणारा कापूस त्यांच्या घामातून निघे. त्या देशात तेव्हा सुमारे तीस हजार मैल रेल्वे होती, त्यांतील दोन तृतीयांश उत्तरेकडे. आगगाडीच्या बळावर लढले गेलेले हे पहिले मोठे युद्ध होय. १८६३ साली उत्तरेने वीस हजारांहून अधिक शिपाई बारा दिवसांच्या आत सुमारे बाराशे मैल दूर टेनेसीत नेले. सेनापती शर्मन ह्याचे शिपाई शत्रूचे रूळ उखडीत, ते आगीत तापवीत आणि झाडाच्या बुंध्यास पिळून टाकीत, म्हणजे पुन्हा उपयोगी पडू नयेत. ज्या वस्तूसाठी आमच्या मजुरांनी घाट फोडिला, ती तिकडे अशी वाकविली जात होती.

उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडविली, त्यामुळे विलायतेस कापूस जाईना व गिरण्या बंद पडल्या. मग सारी मागणी मुंबईकडे वळली. भाव कित्येक पटींनी चढला. बोरघाट १८६३ साली खुला झाला. खानदेशाकडे रूळ आधीच पडले होते, पण थळघाट मध्ये तुटलेला होता. तेथे माल गाड्यांवर चढवावा व उतरवावा लागे. वऱ्हाडातील व आमच्या ह्या गोदावरीकाठच्या गावांतील कापूस तर रूळ गाठीपर्यंत बैलगाडीनेच जाई. शेतकऱ्याच्या हाती कधी न पाहिलेला रुपया आला. चांदीचे दागिने झाले, लग्ने थाटात लागली, आणि उद्याच्या भावावर सावकाराने सढळ हाताने कर्ज दिले. मुंबईत तर वेडच लागले. समुद्र भरून जमीन काढू म्हणणाऱ्या कंपन्यांच्या भागांस दसपट किंमत आली.

थळघाटाचा रस्ता १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. मुंबईपासून खानदेशापर्यंत अखंड लोखंडी रस्ता झाला, ज्याची नानांनी वीस वर्षे वाट पाहिली होती. आणि चौथ्याच महिन्यात, ९ एप्रिलला, दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. अमेरिकेतील गुलाम मुक्त झाले, ह्याबद्दल आमच्या मनात आनंदच आहे. पण तार मुंबईस आली तेव्हा कापसाचा भाव कोसळला, आणि जुलैच्या पहिल्या तारखेस हिशेब चुकते करावयाचे आले तो पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. शेतकऱ्याचा रुपया गेला, कर्ज राहिले. तेच कर्ज दहा वर्षांनी, १८७५ साली, पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जाळणाऱ्या दंग्यांच्या रूपाने पेटले.

नाना शंकरशेट त्याच जुलै महिन्याच्या ३१ तारखेस, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मुंबईत वारले. गाडी नागपुरास पोहोचली ती १८६७ साली. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी जालन्याजवळ बेथेल वसविले तेव्हाही इकडे बैलगाडीच होती. मनमाडाहून बदनापुरावरून जालन्याकडे जाणारा रूळ विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यात पडला. आमची गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली, आणि तेवढ्या वेळात त्या दोन्ही उपदेशक बंधूंस आम्ही ही हकीकत सांगितली.