सुईदोऱ्याचे संत नामदेव

भगिनींनो, आपल्या हिंगोलीजवळील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. इ. स. १२७० साली दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी ते जन्मले. घरात गज, कातर व सुईदोरा. पण नामदेवांचे चित्त विठ्ठलापाशी. धंदा मागे पडला, संसाराची ओढाताण झाली. आई गोणाई व पत्नी राजाई यांच्या नावावरील अभंगांत ही तक्रार आजही वाचावयास मिळते. चूल पेटती ठेवणाऱ्या आपणांस ती पटल्यावाचून राहत नाही.

पुढे औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडून त्यांना गुरूपदेश झाला. ज्ञानेश्वरांसमवेत त्यांनी तीर्थयात्रा केली. नंतर ते पंजाबात घुमान येथे राहिले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एका पदात त्यांनी मनाला गज व जिभेला कातर कल्पिले आहे. धंदा सुटला, तरी सुईदोरा वाणीत राहिलाच! इ. स. १३५० साली त्यांनी देह ठेवला. पंढरपुरी महाद्वारातील नामदेव पायरी सर्वांना ठाऊक आहेच.

आपणही जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी शिवतो. आधी कच्चे टाके घालून थर नीट बसवावेत, मग जवळजवळ धावदोरा घालावा, म्हणजे आतले तुकडे गोळा होत नाहीत. नामदेवांनीही मराठी व पंजाबी माणसे नामाच्या एका दोऱ्यात अशीच ओवली. सातशे वर्षे झाली, तो टाका उसवलेला नाही.