पर्सी स्पेन्सर: चॉकलेट वितळलं ते ठीक, पण त्याआधी काय घडलं होतं?

मायक्रोवेव्ह चालू केला. लाइट लागली, प्लेट फिरली, पंख्याचा आवाजही आला. दोन मिनिटांनी दूध काढून बघितलं, तर थंडगार! राजारामपुरीत रूम घेऊन राहणाऱ्या आणि सेकंड हँड मायक्रोवेव्हवर भागवणाऱ्या पोरांना हा प्रकार नवीन नाही. मग मोबाईलवर एखादा व्हिडिओ लावायचा, स्क्रू ड्रायव्हर शोधायचा आणि मागचं कव्हर उघडायचं.

इथे जरा थांबा. हा ओव्हन ज्याने शोधला, त्या पर्सी स्पेन्सरची गोष्ट आधी वाचा. शाळा सोडलेला मुलगा आणि त्याच्या खिशात वितळलेलं चॉकलेट, एवढंच रील्समध्ये सांगतात. या दोन गोष्टींच्या मधली जवळपास चाळीस वर्षं मात्र गाळली जातात आणि खरा मुद्दा तिथेच आहे.

शाळा सुटली, अभ्यास नाही

स्पेन्सरचा जन्म १८९४ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, हाऊलंड नावाच्या छोट्या गावात झाला. तो तान्हा असतानाच वडील गेले. आईने त्याला काका-काकूंकडे सोपवलं, आणि तो सात वर्षांचा असताना काकाही वारले. घरची परिस्थिती बेताची. बाराव्या वर्षाच्या आसपास शाळा सोडून तो दोऱ्याची रिळं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला लागला.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याला कळलं की जवळच्या कागद कारखान्यात वीज आणणार आहेत. त्या काळी त्या भागात विजेची माहिती असलेली माणसं फारच कमी. स्पेन्सरने मिळेल तिथून माहिती गोळा केली, वाचून काढली आणि वीज बसवण्याच्या कामावर घेतलेल्या मोजक्या माणसांत तो निवडला गेला. आपल्या उद्यमनगरात लेथवर उभं राहून शिकलेले मिस्त्री असतात ना, त्याच जातकुळीचा हा माणूस.

१९१२ साली टायटॅनिक बुडाली. वायरलेस ऑपरेटरांनी पाठवलेल्या संदेशांमुळे शेकडो लोक वाचले. ते ऐकून स्पेन्सरला रेडिओचं वेड लागलं आणि तो अमेरिकेच्या नौदलात भरती झाला. तिथे रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तकं घेऊन तो गणित आणि विज्ञान शिकला. म्हणजे डिग्री नव्हती, पण अभ्यास पक्का होता.

मॅग्नेट्रॉन म्हणजे काय?

पुढे तो रेथिऑन या कंपनीत लागला आणि रेडिओच्या व्हॅक्यूम ट्यूब बनवण्यात तरबेज झाला. दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४० साली ब्रिटनमध्ये रँडल आणि बूट या दोन शास्त्रज्ञांनी नव्या प्रकारचा मॅग्नेट्रॉन बनवला, आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत पोचला.

मॅग्नेट्रॉन म्हणजे पोकळ्या असलेला तांब्याचा ठोकळा. मधोमध तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रचंड व्होल्टेज त्यांना बाहेर खेचतं आणि चुंबक त्यांना गोल फिरवतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की आवाज घुमतो, तसंच पोकळ्यांवरून इलेक्ट्रॉन फिरले की मायक्रोवेव्ह लहरी तयार होतात. रडारला त्याच हव्या होत्या.

अडचण होती उत्पादनाची. अखंड तांब्यातून हा ठोकळा अचूक कोरायला फार वेळ लागायचा. स्पेन्सरने सुचवलं की तांब्याच्या पातळ चकत्या साच्याने कापा, एकावर एक रचा आणि भट्टीत जोडा. रेथिऑनचं उत्पादन पुढे दिवसाला २,६०० मॅग्नेट्रॉनपर्यंत गेलं. या कामासाठी अमेरिकन नौदलाने त्याचा सन्मान केला.

मग आलं चॉकलेट

१९४५ साली चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभा असताना त्याच्या खिशातली चॉकलेटची वडी वितळली. अशा यंत्रांजवळ उष्णता जाणवते, हे आणखी काहींच्याही लक्षात आलं होतं. स्पेन्सर मात्र तिथे थांबला नाही. त्याने मक्याचे दाणे ट्यूबसमोर ठेवले, ते फुटून लाह्या झाल्या. मग अंडं ठेवलं, ते जवळ आलेल्या सहकाऱ्याच्या तोंडावर फुटलं!

पुढची पायरी महत्त्वाची. लहरी बाहेर पसरू नयेत आणि सगळी ऊर्जा अन्नावरच पडावी म्हणून त्याने त्या धातूच्या बंद पेटीत सोडल्या. आज आपल्या ओव्हनची पेटी, दारावरची बारीक जाळी आणि दार उघडताच लहरी बंद करणारे स्विच ही त्याच पेटीची पुढची आवृत्ती.

ऑक्टोबर १९४५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १९५० साली पेटंट मिळालं. १९४७ चा पहिला 'रेडारेंज' माणसाएवढा उंच होता आणि वजन सुमारे ३४० किलो. ओट्यावर मावणारं घरगुती मॉडेल अमाना कंपनीने १९६७ साली ४९५ डॉलरला आणलं. या शोधासाठी स्पेन्सरला रॉयल्टी मिळाली नाही. कंपनी प्रत्येक पेटंटला द्यायची ते दोन डॉलर तेवढे मिळाले. पण शाळा सोडलेला हा माणूस कंपनीचा वरिष्ठ उपाध्यक्ष झाला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. १९७० साली तो वारला.

तुमच्या ओव्हनमधले ४,००० व्होल्ट

ओव्हन छोटा झाला, स्वस्त झाला, पण मॅग्नेट्रॉनची भूक तीच राहिली. नेहमीच्या ओव्हनमध्ये जड ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे साधारण २,००० व्होल्ट करतो. कपॅसिटर आणि डायोड मिळून ते जवळपास दुप्पट करतात. म्हणजे सुमारे ४,००० व्होल्ट, तुमच्या मोबाईलच्या बॅटरीच्या हजारपट!

त्यात तीन गोष्टी घात करतात:

- प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही. कपॅसिटरमध्ये चार्ज राहू शकतो. तो हळूहळू उतरवायला आत बहुतेक वेळा रेझिस्टर असतो, पण तोच खराब झाला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही.
- घरातला ईएलसीबी इथे वाचवेलच असं नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचं सर्किट वेगळं असतं. तिथला शॉक बसला तरी घरच्या लाइनला फरक जाणवत नाही आणि स्विच पडत नाही.
- साधा मल्टिमीटर इथे चालत नाही. तो ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचा असतो. चालू ओव्हनमध्ये त्याचे प्रोब लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

जुन्या ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याचे व्हिडिओ फिरत असतात. ते करताना अनेकांचे जीव गेलेत. लाइक कितीही असोत, त्या वाटेला जाऊ नका.

मग तुम्ही काय बघायचं?

कव्हर न उघडता बरंच कळतं. आधी सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून बघा. अर्थिंगची तिसरी पिन तोडलेला प्लग किंवा टू-पिन अडॅप्टर वापरत असाल तर आधी ते बदला. पॉवर लेव्हल कमी झाली आहे का आणि दार नीट बसतं का, ते तपासा. आत ठिणग्या उडत असतील तर प्लग काढून आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ पत्रा बघा. त्यावर साचलेला तेलकट थर जळतो. तो ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. पत्र्याला भोक पडलं असेल तर बदलून घ्या, महाग नसतो.

सगळं चालू, फक्त गरम होत नाही? मॅग्नेट्रॉन, डायोड, हाय व्होल्टेज फ्यूज किंवा दाराचा स्विच, यांपैकी काहीतरी. मोठा घरघर आवाज येतो? डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट असू शकतो. जळका वास, घरघर किंवा परत परत उडणारा फ्यूज दिसला की प्लग काढा आणि मेकॅनिकला फोन करा. दाराचा स्विच बायपास करून ओव्हन चालवायचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नका.

मेकॅनिक आला की त्याचं काम बघा. चांगला मेकॅनिक आधी प्लग काढतो, मग कपॅसिटर डिस्चार्ज करतो आणि त्यानंतरच वायरी सोडवून एकेक पार्ट मीटरवर तपासतो. हात लावण्याआधी कपॅसिटर डिस्चार्ज केला का, हे बिनधास्त विचारा. या प्रश्नाला जो हसेल त्याला ओव्हन उघडू देऊ नका.

आणि हे काम खरंच शिकायचं असेल तर जरूर शिका. आयटीआय आहे, डिप्लोमा आहे, एखाद्या जाणत्या मेकॅनिकच्या हाताखाली सहा महिने बसता येतं. स्पेन्सरसुद्धा चॉकलेटपर्यंत पोचायच्या आधी कितीतरी रात्री पुस्तक उघडून जागला होता.