सोलापूरचे डॉ. कोटणीस

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. परीक्षा चार दिवसांवर आलेली, रात्रीचे दोन वाजलेले, आणि माझ्या रूम पार्टनरला फिट आली. कोणी कांदा शोधतंय, कोणी नाकाला चप्पल लावतंय, मी त्याचे हात घट्ट दाबून धरलेत. नशिबाने दोन मिनिटांत थांबली. नवी मुंबईत राहतो म्हणून रिक्षा मिळाली, हॉस्पिटल मिळालं, सकाळी मेंदूचे डॉक्टरही मिळाले. त्यांनी आम्हालाच झापलं. धरून ठेवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेलं तर थेट हॉस्पिटल.

पार्टनर सोलापूरचा. रूमवर आल्यावर म्हणाला, आमच्या गावचे डॉ. कोटणीस ह्याच आजाराने गेले. मला फक्त व्ही. शांताराम यांचा १९४६ चा सिनेमा ऐकून माहीत होता. मग वाचायला घेतलं.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनचे सेनानी जू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसने १९३८ च्या सप्टेंबरमध्ये पाच डॉक्टर पाठवले : अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. कोटणिसांचं वय २७. म्हणजे आपल्या एम.ई. करणाऱ्या सीनियर्सपेक्षा थोडंच जास्त!

चीनमध्ये पोचून काही महिने होतात तोच वडील गेल्याची बातमी आली. परत यायला याहून मोठं कारण कुठलं? पण ते थांबले. १९३९ मध्ये येनानला आणि तिथून आघाडीच्या डोंगराळ भागात गेले. नाकेबंदीमुळे औषधांची टंचाई, हॉस्पिटल म्हणजे खेड्यातली घरं. १९४० च्या एका लढाईत १३ दिवसांत ८०० च्या वर जखमी आले. त्यातल्या ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. सलग ७२ तास ते उभे होते असं सांगतात. त्याच भागात कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये, ऑपरेशन करताना बोटाला झालेली जखम चिघळून गेले होते. त्यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. वय अवघं ३०. ते चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले. नर्सिंग शिकवणाऱ्या ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ : यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आणि मधून मधून फिट येतच होती. शेवटी ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

मला चटका लावून गेली ती एक तारीख. फिटवरचं फेनिटॉइन हे औषध १९३८ सालीच अमेरिकेत वापरात आलं, म्हणजे कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी. औषध जगात होतं, पण त्या डोंगरात ते कोण पोचवणार? आणि ते मायदेशी असते तरी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातला पहिला विभाग वेल्लोरला डॉ. जेकब चंडी यांनी सुरू केला तो १९४९ साली.

आजसुद्धा एखादा तरुण न्यूरोसर्जन मोठं शहर सोडून जिल्ह्याच्या गावी गेला, तर नुसत्या हुशार हातांवर भागत नाही. स्कॅनचं मशीन चालू हवं, भूल देणारा हवा, आयसीयूत खाट हवी, रात्री वीज हवी. नाहीतर तो मोठ्या हॉस्पिटलच्या नावाने चिठ्ठी लिहीत बसणार. आणि मित्रांनो, यातलं मशीन आणि वीज हे डॉक्टरांचं काम नाही, आपलं आहे.

पार्टनर आता ठणठणीत आहे. रोज रात्री नऊला गोळी घेतो. विसरला तर मी आठवण करतो.