रंगांतील मौन : वासुदेव गायतोंडे

एखादे चित्र समोर आले की आपण त्यात झाड, नदी, माणूस असे काहीतरी ओळखीचे शोधू लागतो. वासुदेव संतू गायतोंडे यांच्या चित्रांत असे काही सापडत नाही. तेथे असतो तो केवळ रंग, प्रकाश आणि काही अनाम आकार. वस्तूंचा आधार सोडूनही चित्र उभे राहू शकते, या श्रद्धेवर त्यांनी आपले सारे आयुष्य वेचले.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. त्यांचे घराणे मूळचे गोव्याचे; पुढे मुंबईत गिरगावातील चाळीत ते वाढले. १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून त्यांनी चित्रकलेची पदविका मिळवली. त्यांच्या आरंभीच्या चित्रांत माणसे होती आणि भारतीय लघुचित्रांतील रेषा व उजळ रंग होते. नंतर पॉल क्ले या युरोपीय चित्रकाराच्या कामाने त्यांना आकर्षित केले. १९५७ साली टोकियो येथील तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले.

याच सुमारास त्यांच्या चित्रांतून मनुष्याकृती हळूहळू नाहीशा झाल्या. आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणे त्यांना अधिक योग्य वाटे; कारण त्या चित्रांचा आरंभच मुळी कोणत्याही वस्तूपासून होत नसे. झेन विचार, रमण महर्षी व जे. कृष्णमूर्ती यांची शिकवण यांतून मौनाचे मोल त्यांना उमगले होते. मुंबईत असताना ते समुद्राकडे तासन् तास पाहत बसत.

१९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते न्यूयॉर्कला गेले. तेथील आधुनिक चित्रकला त्यांनी जवळून पाहिली. परंतु आपली वाट सोडली नाही. त्यांची पद्धती संथ होती. रंगाचे पातळ थर ते रोलरने एकावर एक पसरवीत, सुरीने खरवडत, कागदाचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलीत. त्यातून उमटलेले आकार कधी न वाचता येणाऱ्या लिपीसारखे, तर कधी पाण्याखालच्या सावल्यांसारखे भासतात. एका चित्रात बहुधा एकाच रंगाच्या छटा असत. तरीही आतून प्रकाश झिरपत आहे असे वाटे. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. हात चालण्यापूर्वी मन शांत व्हावे लागे आणि त्यासाठी थांबण्याची त्यांची तयारी असे.

१९७१ मध्ये त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यानंतर ते दिल्लीत स्थायिक झाले. निजामुद्दीन भागातील एका लहानशा जागेत ते एकटे, अगदी साधेपणाने राहिले. प्रसिद्धीच्या मागे ते कधी लागले नाहीत.

१९८४ मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहणे अशक्य झाले. चित्रकाराच्या जीवनात याहून मोठे संकट कोणते? त्या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाटने केली आणि काही वर्षांनी ते पुन्हा रंगांकडे वळले. अखेरच्या वर्षांत तेही थांबले. परंतु चित्र आपल्या मनात सुरूच आहे, अशी त्यांची धारणा होती. १० ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील एका लिलावात त्यांच्या चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत मिळाली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. हे सारे पाहायला ते नव्हते. त्यांची चित्रे मात्र आजही प्रेक्षकाकडून एकच अपेक्षा करतात : अर्थ शोधण्याची घाई न करता क्षणभर स्वस्थ उभे राहावे आणि पाहावे.