पंडिता रमाबाई : एक सख्यस्मरण

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी कांचघरच्या आम्हां मराठी मंडळींना पंडिता रमाबाईंचे स्मरण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातील शेकडो निराधार मुलींना त्यांनी केडगावी आश्रय दिला.

१८५८ साली जन्मलेल्या या विदुषी १८८२ मध्ये, वैधव्यानंतर, तान्ह्या मनोरमेसह पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई त्यांच्या सभांस जाऊ लागल्या. घरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष त्यांनी मुकाट्याने सोसला. परंतु सभा व मिस हरफर्ड यांच्याकडील इंग्रजीचे धडे सोडले नाहीत.

१८८३ मध्ये पंडिताबाई ख्रिस्ती झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी काढलेल्या शारदा सदनात धर्मप्रसार होतो, असा वाद उठून १८९३ मध्ये न्यायमूर्तींनी सदनाशी संबंध तोडला. तरीही १९१० च्या आत्मचरित्रातून रमाबाई रानड्यांनी पंडिताबाईंच्या सहवासाचे दिवस वगळले नाहीत.

पंडिताबाई १९२२ मध्ये व सेवासदनाच्या रमाबाई १९२४ मध्ये निवर्तल्या. धर्माने मार्ग वेगळे केले. पण हळदीकुंकवावाचूनही स्त्रियांनी विचारार्थ एकत्र बसावे, ही वाट त्यांच्या सख्याने रुळली. त्या वाटेवरच्या आमच्या भगिनींच्या वतीने आम्ही हे ऋण मानतो.