पालवणकर बाळू

पालवणकर बाळू (१८७६ – ४ जुलै १९५५) हे भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील श्रेष्ठ डावखुरे मंदगती फिरकी गोलंदाज होते. इंग्रजांचा हा खेळ मुंबईच्या पारशी समाजाने १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढून आपलासा केला. पुढे तो पुण्या-मुंबईच्या इतर समाजांत कसा रुजला आणि जातिभेद त्याच्या आड कसा आला, याचे चित्र बाळूंच्या चरित्रात दिसते.

पुण्यातील दिवस

बाळूंचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे त्यांचे बालपण पुण्यात गेले. अधिकाऱ्यांनी टाकून दिलेले साहित्य घेऊन ते आणि धाकटे बंधू शिवराम खेळ शिकले. पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानाची झाडलोट करण्याची, महिना ३ रुपयांची नोकरी त्यांना मिळाली. त्यानंतर ते युरोपियनांच्या क्लबात ४ रुपयांवर लागले. रूळ फिरवणे, जाळी लावणे आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करणे ही त्यांची कामे. नामवंत फलंदाज जे. जी. ग्रेग यांना त्यांनी तासन्‌तास गोलंदाजी केली; बाद केल्यास ग्रेग आठ आणे देत, असे सांगितले जाते. फलंदाजीची संधी मात्र या नोकराला क्वचितच मिळाली.

पुण्यातील हिंदू खेळाडूंना युरोपियनांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सहकाऱ्यांना हाताळता येई. चहा मात्र त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यातून दिला जाई. विटाळाचा हा हिशेब आज चमत्कारिक वाटेल, पण त्या काळी त्याला शास्त्राचा आधार मानला जात होता.

मुंबई आणि हिंदू संघ

पुण्यातील प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. तोपर्यंत सहकारी त्यांच्यासह एका पंक्तीला जेवू लागले होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालील संघातून त्यांनी इंग्लंडचा दौरा केला. संघाचे बहुतेक सामने हातचे गेले, पण बाळूंनी ११४ बळी मिळवले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांच्या नावावर १७९ बळी आहेत.

असे असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच देण्यात आले नाही. हा मान १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना लाभला.

राजकारण

१९३२ च्या पुणे करारावर बाळूंची स्वाक्षरी आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. बाळू सुमारे दोन हजार मतांनी पराभूत झाले. मुंबईतच त्यांचे निधन झाले.